घाटात गिअर कोण निवडतं? मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाडी घाटात चालवण्याची रीत

साताऱ्याच्या घाटांना दोन वास आहेत. सप्टेंबरात कासला फुलं आली की यवतेश्वर चढताना जळक्या क्लचचा, आणि रविवारी संध्याकाळी पसरणी उतरताना तापलेल्या ब्रेकचा. काचा खाली असतील तर दोन्ही लगेच ओळखू येतात. मॅन्युअल गाड्या हे वास सोडतात तशा ऑटोमॅटिकही सोडतात. तरी कट्ट्यावरचा वाद काही संपत नाही. एक म्हणणार, "ऑटोमॅटिकात कसली मजा? नुसतं बसून राहायचं." दुसरा म्हणणार, "मग तू दाब क्लच, कासच्या रांगेत दोन तास."

माझं मत आधीच सांगून टाकतो. घाटातली मजा डाव्या पायात नसते. पुढचं वळण दिसलं, इथे दुसरा लागणार हे ठरवलं, वळणाच्या आधीच तो टाकला आणि गाडी आवाज न बदलता वळणातून बाहेर आली, मजा त्यात असते. मॅन्युअलमध्ये हे जमतं. ऑटोमॅटिकमध्येही जमतं, पण तिथे बहुतेकांनी लिव्हर डीच्या, म्हणजे गाडी स्वतः गिअर निवडते त्या जागेच्या, पलीकडे कधी नेलेलाच नसतो. आणि मॅन्युअलवाले तरी काय करतात? गाडी धापा टाकायला लागली की मग गिअर शोधतात.

भाचे, शेजारी, नवीन गाडी घेतलेले मित्र, अशा बऱ्याच जणांना सकाळी सकाळी घाटात नेऊन झालं. चुका ठरावीक आहेत. म्हणून पायऱ्याही ठरावीक ठेवल्या आहेत. क्रम मोडू नका. चालवण्याच्या पायऱ्यांत उतार सगळ्यात शेवटी आहे, त्याला कारण आहे.

## तयारी: आपली गाडी कुठल्या जातीची?

"ऑटोमॅटिक" या एका नावाखाली चार वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. आपली कुठली हे माहीत नसताना घाट चढणं म्हणजे चूल का गॅस ते न बघता पातेलं ठेवणं.

पहिली एएमटी. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून ती लहान गाड्यांमध्ये आली आणि आज सर्वांत स्वस्त ऑटोमॅटिक हीच असते. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट असते. फरक इतकाच, की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी एक यंत्र करतं. त्यामुळे मॅन्युअल गाडीत ज्याने क्लच जळतो, त्याने एएमटीतही जळतोच. या गाडीबद्दल दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टरची. हिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, ताकद तेलातून जाते. रांगेत रेंगाळायला हिच्याइतकी सोशिक गाडी नाही. तिसरी सीव्हीटी. तिला ठरावीक गिअर नसतात. पट्टा पुलींवर सरकत राहतो आणि प्रमाण सलग बदलत जातं. चढावर पाय दाबला की आधी आवाज वाढतो, वेग मागून येतो. चौथी दोन क्लचची, म्हणजे डीसीटी. तिच्यात गिअर झटकन पडतात आणि वळणावळणाच्या रस्त्यावर ती खरोखर मजा देते, पण कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या, क्लचची डीसीटी रांगेत तापते.

ओळखायचं कसं? लिव्हरवर पी (पार्किंग) नसेल, नुसतं आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) आणि एम (मॅन्युअल, म्हणजे गिअर हाताने निवडायची जागा) असेल, तर बहुधा एएमटी. तरी गाडीसोबत आलेली पुस्तिका काढा. ती डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकमध्ये तशीच पडलेली असते, माझीही होती.

निघण्यापूर्वी एवढं बघा:

- टायरमधली हवा. गाडीत पाच माणसं आणि सामान असेल तर भरलेल्या गाडीसाठी लिहिलेला आकडा घ्या. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो.
- ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या तेलासाठी तीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. दोन वर्षांत बदललं नसेल तर महाबळेश्वरच्या आधी गॅरेज गाठा.
- हँडब्रेक. पूर्ण ओढूनही सौम्य चढावर गाडी सरकत असेल तर पुढचं काहीच करू नका.
- पायात काय आहे? जाड तळव्याचे ट्रेकिंगचे बूट आणि सैल चप्पल, दोन्ही नकोत.

इशारा: ऑटोमॅटिक पहिल्यांदा चालवणाऱ्याचा डावा पाय घात करतो. सवयीने तो क्लच समजून ब्रेक पूर्ण दाबतो आणि मागची मंडळी पुढच्या सीटवर आदळतात. डावा पाय मागे, सीटच्या जवळ ओढून ठेवा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्हीला उजवाच पाय.

## १. सपाटीवर: क्लच कुठे पकडतो, गाडी कधी सरकते

रविवारी सकाळी एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात. तिथे अर्धा तास द्या.

मॅन्युअल असेल तर पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता क्लच अगदी सावकाश सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं. क्लच पकडतो ती ही जागा. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. वीसेक वेळा केलंत की ती पायाला पाठ होते. घाटात ती शोधायला वेळ मिळत नाही.

एएमटी असेल तर वेगळी चाचणी. डीमध्ये ब्रेक सोडा आणि बघा: गाडी आपणहून सरकते का? किती वेळाने? आता किंचित चढ असलेल्या जागी तेच करा. सपाटीवर सरकणारी गाडी चढावर नुसती थरथरते किंवा मागे येते. तिची ही मर्यादा इथेच कळलेली बरी.

मग लिव्हर एमकडे न्या. अधिक आणि उणे कुठल्या दिशेला आहे ते पाहा. काही गाड्यांत पुढे ढकललं की गिअर वाढतो, काहींत कमी होतो. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असं डोळे रस्त्यावर ठेवून करता आलं पाहिजे.

तपासा: लिव्हरकडे न बघता तीन वेळा ओळीने बरोबर गिअर पडला का? पडला तर पुढे.

## २. चढावर उभी गाडी उचलणं

इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून वर येताना पुढे ट्रॅफिक थांबलं आणि मागे कुणी बंपरला चिकटून उभा असला, की भल्याभल्यांना घाम फुटतो. सराव मात्र तिथे करू नका. लोक हॉर्न वाजवून तुम्हाला आणखी घाबरवतील. अजिंक्यताऱ्याचा रस्ताही नको. तो अरुंद आहे आणि सकाळी त्यावर गाड्यांपेक्षा चालणारी माणसं जास्त. एखादा रुंद, रिकामा, सौम्य चढ शोधा आणि शेजारी जाणतं माणूस बसवा.

मॅन्युअलची रीत:

हँडब्रेक ओढलेला. पहिला गिअर. क्लच पकडायच्या जागेपर्यंत सोडा, आवाज जड झाला की थोडा ॲक्सिलरेटर द्या. गाडी पुढे जायला बघते आणि हँडब्रेक तिला धरून ठेवतो, हे जाणवलं की मगच हँडब्रेक सोडा. क्लचवरचा पाय लगेच उचलू नका, गाडी हातभर पुढे गेली की पूर्ण सोडा.

क्रम उलटा करणारे पुष्कळ. आधी हँडब्रेक सोडतात, मग क्लच शोधतात, तोवर गाडी मागच्याच्या दिव्यापाशी. माझा भाचा पहिल्या दिवशी ओरडला होता, "मामा, गाडी मागं चाललीया!" गाडी मागे जात नव्हती, तो तिला सोडत होता. हँडब्रेक कधी सोडायचा हे कळल्यावर दहा मिनिटांत त्याला जमलं.

एएमटीची रीत जवळजवळ हीच आहे, आणि हे ऐकून लोक चकित होतात. हँडब्रेक, डी किंवा पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, गाडी ओढायला लागली की हँडब्रेक खाली. ऑटोमॅटिक गाडीत हँडब्रेक कशाला, असं म्हणणाऱ्याने बंपरचं बिल बघावं.

हिल होल्ड असेल तर ब्रेकवरचा पाय काढल्यावर गाडी साधारण दोन सेकंद धरून ठेवली जाते. तेवढ्या वेळात ॲक्सिलरेटर द्यायचा. दोन सेकंद म्हणजे दोनच. त्यात मागच्या सीटवर काय चाललंय ते बघायला वळू नका.

इशारा: ॲक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी चढावर जागच्या जागी धरून ठेवणं ही सर्वांत महाग सवय. मॅन्युअल, एएमटी आणि डीसीटीत क्लच घासतो, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल तापतं. थांबायचं तर ब्रेकवर थांबा.

## ३. यवतेश्वर चढणं: ब्रेक, गिअर, वळण, मग ॲक्सिलरेटर

समर्थ मंदिराकडून वर निघालं की शहर लगेच पायाखाली जातं. हिल मॅरेथॉन ज्या रस्त्याने जाते तोच हा रस्ता, त्यामुळे पहाटे धावणारे आणि चालणारे भरपूर. सराव करायचाच तर पहाटेची पहिली लगबग ओसरल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी.

प्रत्येक वळणाला चार गोष्टी याच क्रमाने:

सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेकने वेग कमी करा. चाकं सरळ असतानाच गिअर कमी करा. मग वळा. वळणाचा शेवट दिसला की ॲक्सिलरेटर द्या.

सगळ्यांची चूक एकच. तिसऱ्यात वळणात शिरतात, अर्ध्यात गाडीचा दम तुटतो, मग एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने गिअर. मॅन्युअलमध्ये त्या क्षणी क्लच दाबलेला असतो, म्हणजे चाकांना ताकदच नाही, आणि वर एसटी दिसते.

ऑटोमॅटिक डीमध्ये ठेवली तर हीच चूक गाडी तुमच्या वतीने करते. बिचारीला पुढचं वळण दिसत नाही. वळणाआधी तुम्ही पाय उचललात, तिला वाटलं आता आराम, तिने तिसरा टाकला. वळणात पाय दाबलात, ती दचकून दुसऱ्यावर आली. एएमटीत त्या वेळी मानेला जो हिसका बसतो त्यावरून लोक म्हणतात ऑटोमॅटिकात मजा नाही. लिव्हर एमला घ्या, वळणाआधी उणे करा, दुसरा धरून ठेवा. तीच गाडी वेगळी वाटते. एएमटीत गिअर वाढवताना ॲक्सिलरेटर क्षणभर हलका करा. हिसका निम्म्यावर येतो. मॅन्युअलमध्ये आपण हेच तर करतो, क्लच दाबताना पाय आपोआप उचलला जातो.

टॉर्क कन्व्हर्टरला एम नसेल तर एल (लो), २ किंवा स्पोर्ट्स यांपैकी, गाडीला खालच्या गिअरवर ठेवणारं काहीतरी बहुधा असतंच. सीव्हीटीत पाय सारखा वरखाली करू नका. एका जागी धरा आणि गाडीला तिचं प्रमाण शोधू द्या. आवाज मोठा येतो, येऊ द्या. सीव्हीटीवाल्यांना चढाची मजा थोडी कमीच, हे मी मान्य करतो.

कुठला गिअर बरोबर? कानाने ठरवा. लहान पेट्रोल गाडी चढावर इंजिनाच्या मिनिटाला अडीच ते साडेतीन हजार फेऱ्यांच्या दरम्यान खुश असते, डिझेल त्याहून खाली, दोन हजारांच्या आसपास. ॲक्सिलरेटर जास्त दाबूनही वेग वाढत नसेल आणि डॅशबोर्ड घुमत असेल, तर गिअर मोठा आहे. पाय आणखी दाबू नका, गिअर कमी करा.

मॅन्युअलवाल्यांसाठी एक खास चीज. गिअर कमी करताना क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला एक हलकी थाप द्या, मग क्लच सोडा. इंजिनाच्या फेऱ्या खालच्या गिअरला जुळतात आणि गाडी झटका न देता चालत राहते. पहिले चार दिवस हास्यास्पद आवाज येतील. पाचव्या दिवशी एका वळणावर ते नीट जुळेल आणि तुम्ही घरी येऊन बायकोला सांगाल, तिला काही कळणार नाही. मॅन्युअल गाडी ठेवण्याचं माझं कारण विचाराल तर एवढंच आहे.

तपासा: शेजारी बसलेल्याच्या हातात पाण्याची अर्धी बाटली द्या. वळणात गिअर पडला की पाणी डचमळतं. पाच वळणं पाणी शांत राहिलं तर क्रम जमला.

समोरून गाडी आली आणि रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. नियमही तसाच आहे आणि शहाणपणही, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायची म्हणजे पायरी क्रमांक २.

## ४. कासची रांग

साताऱ्यापासून कास सुमारे २५ किलोमीटर. फुलांच्या दिवसांत, त्यातून रविवारी, हे अंतर किलोमीटरांत मोजण्यात अर्थ नसतो. मीही एका अशाच रविवारी एएमटी गाडी घेऊन गेलो होतो. पुढची गाडी वीतभर सरकली की मी वीतभर सरकायचो, आणि मधल्या वेळात ॲक्सिलरेटरवर अलगद पाय ठेवून गाडी चढावर धरून ठेवायचो. ब्रेक दाबायचा कंटाळा, दुसरं काही नाही. अर्ध्या तासाने तो वास आला. मला वाटलं पुढच्या गाडीचा. मग डॅशबोर्डवर इशारा लुकलुकला आणि गाडी ओढेनाशी झाली. पाऊण तास बाजूला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले ऐकले. पुढे महिन्याभरात क्लच बदलावा लागला. दोष गाडीचा नव्हता.

रांगेत असं करा. पुढच्या गाडीसोबत वीतभर सरकू नका. दोन-तीन गाड्यांइतकी जागा मोकळी होऊ द्या, मग एकदाच उचला, क्लच पूर्ण लागेल इतकी पुढे न्या आणि थांबा. मध्ये कुणीतरी घुसेल. घुसू द्या, तोही कासलाच चाललाय.

मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. मॅन्युअलवाले पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसतात, त्याने क्लचची बेअरिंग झिजते आणि पोटरीत गोळे येतात ते वेगळंच. या रांगेसाठी खरं तर टॉर्क कन्व्हर्टरच. इथे मॅन्युअलची बाजू घेणारा माणूस मला खोटा वाटतो.

इशारा: क्लचचा वास आला तर गाडी तशीच रेटू नका. सुरक्षित जागी बाजूला घ्या, न्यूट्रल करा, इंजिन चालू ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. बॉनेट उघडून पाणी ओतण्यासारखं तिथे काहीही नसतं.

## ५. उतार: इथे घाई नको, वाचतानाही

पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात गाडी साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर खाली येते. माणसांसकट १,२०० किलोची गाडी धरा. एवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते तिने लग्नकार्यात आणतो तो २० लिटरचा पाण्याचा जार साध्या पाण्यापासून उकळीपर्यंत जाईल. ही सगळी उष्णता कुठेतरी गेली पाहिजे. न्यूट्रलवर किंवा वरच्या गिअरवर उतरलात तर जवळपास सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. खालच्या गिअरवर उतरलात तर मोठा वाटा इंजिन घेतं.

"न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं" हे डोक्यातून काढून टाका. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्या इंजिनाला पेट्रोल देणंच थांबवतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे वाचवणारा जास्त जाळतो, आणि ब्रेकही जाळतो. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली काढली तर ते कुलूपबंद होतं.

उतरण्याची रीत:

उतार सुरू होण्याआधी गिअर निवडा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आहे. तो पाळा, फक्त आजची लहान इंजिनं हलकी फिरतात, म्हणून गरज पडली तर आणखी एक गिअर कमी करा. वेग वाढल्यावर कमी करायला जाऊ नका. मॅन्युअलमध्ये झटका बसेल, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरतील. आणि ऑटोमॅटिक फेऱ्या फार वाढतील म्हणून गिअर घ्यायला नकारच देईल.

एएमटीत डी सोडा आणि एम लावा, दुसरा धरा. डीमध्ये उतारावर पाय उचलला की गाडी वरचा गिअर टाकते आणि इंजिनाचा अडसर जातो. पसरणीत ज्यांचे ब्रेक जळतात त्यांच्यापैकी बरेच जण डीवाले असतात असा माझा अंदाज आहे. सीव्हीटीत एल किंवा स्पोर्ट्स लावा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एम, २ किंवा एल.

मग ब्रेक. सतत हलका दाबून ठेवू नका. समजा ४० ची मर्यादा ठरवली. चाळीस झाले की नीट, ठामपणे दाबा, तीसवर आणा, पाय पूर्ण उचला. गाडी पुन्हा चाळीसपर्यंत जाईल, पुन्हा तेच. मधल्या वेळात ब्रेकला हवा लागते.

शिकायला उत्तम गुरू म्हणजे घाट उतरणारी एसटी. ओव्हरटेक करायची घाई सोडा, सुरक्षित अंतर ठेवून मागे राहा आणि तिचे मागचे लाल दिवे बघा. जाणता चालक असेल तर दिवे फार थोडे लागतात, आणि लागतात ते वळणाच्या आधी. बाकी वेळ आवाज ऐका.

पसरणीत माकडांना खाऊ घालायला लोक भर वळणावर थांबतात. वळणापलीकडे उभी गाडी आहे असं धरूनच चला. ऊस कारखान्याला जायच्या दिवसांत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असेल तर चढावर त्याच्या अगदी मागे राहू नका. त्याला उचलायला जे कष्ट पडतात ते पायरी २ च्या दसपट असतात.

विजेची गाडी असेल तर एक गोष्ट उलटी. ती उतारावर बॅटरी भरते आणि त्यातूनच वेग रोखते. पण बॅटरी शंभर टक्के भरून डोंगरावरून निघालात तर भरायला जागाच नसते आणि ती रोखही ढिली पडते. हॉटेलवर रात्रभर चार्ज लावताना थोडी जागा ठेवा.

तपासा: उतार संपल्यावर सुरक्षित जागी थांबा आणि चाकाजवळ वास घ्या. रिमला हात लावू नका. जळका वास असेल तर गिअर मोठा होता. पुढच्या वेळी एक कमी.

इशारा: उतरताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं किंवा मऊ वाटलं, तर तीच वेळ थांबायची. अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. ब्रेक पूर्णच गेला तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर कमी करत या, बटण दाबून धरून हँडब्रेक थोडा थोडा ओढा, आणि गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या बाजूला घासत आणा. इंजिन बंद करू नका.

## ६. उतारावर गाडी लावणं

मॅन्युअलमध्ये तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स, सोबत हँडब्रेक, आणि पुढची चाकं डोंगराकडे वळवून. एएमटीला बहुधा पी नसतो, म्हणून इंजिन बंद करण्याआधी तिलाही असंच गिअरमध्ये ठेवायचं. तुमच्या गाडीची नेमकी पद्धत पुस्तिकेत आहे. न्यूट्रलमध्ये सोडून नुसत्या हँडब्रेकवर विसंबलेली एएमटी चहा पिताना हळूच निघालेली मी पाहिली आहे.

पी असलेल्या गाडीत क्रम महत्त्वाचा. ब्रेक दाबलेला ठेवून एन, मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा ब्रेक दाबून पी. थेट पी लावलं तर सगळं वजन आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतं आणि निघताना खाडकन आवाज होतो.

## ७. विकत घेण्यापूर्वी: एकच रस्ता, दोन गाड्या

शोरूमची चक्कर महामार्गावर सपाटीची असते. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. आग्रह धरा की चढावर न्यायचं, आणि नेहमी जितकी माणसं बसतात तितकी बसवूनच. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, आधी मॅन्युअल आणि मग ऑटोमॅटिक.

बघायचं एवढंच. चढावर थांबवून उचलताना गाडी किती मागे येते? हाताने गिअर धरला तर ती तो धरून ठेवते, की दोन सेकंदांत स्वतःचं खरं करते? उतारावर दुसऱ्यात पाय उचलल्यावर वेग आवरतो का? मॅन्युअलमध्ये क्लच किती जड आहे, आणि घरात दुसरं कोण चालवणार आहे? हा शेवटचा प्रश्न विक्रेता विचारत नाही. गुडघा दुखणारे वडील किंवा रोज वाठारला शाळेत जाणारी बहीण चालवणार असेल, तर तुमच्या महिन्यातून एकदाच्या यवतेश्वरच्या मजेपेक्षा त्यांचा रोजचा पाय मोठा.

आमच्या घरात आता दोन्ही आहेत. भाचा ऑटोमॅटिक नेतो, एम लावतो, आणि वळणाआधी उणे करताना तोंडाने "सेकंड" म्हणतो. सांगितलं तरी सवय जात नाही त्याची.